लेझीमच्या पोरींचे रंगातले फोटो : गेल्या वर्षी फसले, यंदा नीट काढायचेत

लेझीमताई

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, अशोक चौकाच्या बाजूला राहते. दिवसा शाळेत शिकवते आणि संध्याकाळी वस्तीतल्या बारा पोरींना लेझीम शिकवते. चार वर्षं झाली. आमच्याकडं मिरवणुकीत पोरांची पथकं शंभर-शंभरची असतात, त्यांच्यामागून माझ्या बारा जणी येतात आणि रस्त्याच्या कडेच्या बाया पुढं सरकून बघतात. तेवढ्यासाठी वर्षभर घाम गाळतात पोरी. बहुतेकींच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. लग्नातल्या ग्रुप फोटोत कोपऱ्यात दिसतात, तेवढाच काय तो घरातला त्यांचा फोटो. प्रत्येकीच्या घरी भिंतीवर लागेल असा एक तरी फोटो काढून द्यायचा, असं मी मनात घेतलंय. लेझीम हातात, अंगावर पांढरा ड्रेस, आणि हवेत रंग.

गेल्या वर्षी धुळवडीला प्रयत्न केला होता. दुपारी बाराची वेळ, मोकळं मैदान, दुकानातून आणलेले पाच रंगांचे पुडे. एक-दोन-तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर उधळायचं. फोटोत काय आलं? मातकट ढग. आकाश पांढरंफटक, चेहरे काळे, डोळ्यांखाली खड्डे. रंग नुसता धुळीसारखा दिसत होता, गुलाबी का पिवळा तेही कळेना. सगळ्यांत धाकटीचे डोळे दोन दिवस लाल होते. तिच्या आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही, पण मला झोप लागली नाही.

कॅमेरा माझा स्वतःचा आहे, जुना घेतलेला साधा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येतात तसला. १८-५५ ची लेन्स त्याच्याबरोबर आलेली आणि नंतर ५० एमएम एफ १.८ घेतली. गेल्या धुळवडीच्या त्या दिवसापासून १८-५५ ची रिंग फिरवताना करकर करते.

यंदा रंगपंचमीला परत करायचंय. रंग कुठला आणायचा, वेळ कुठली, कॅमेऱ्याला काय बांधायचं? दोघी जणी दहावीला आहेत, पेपर चालू असतील. म्हणजे डोळ्याला काही होऊन चालणारच नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

---

उजेडवाला

ताई, बावीस वर्षं लग्नं आणि मिरवणुका काढतोय. रंगाचं काम लोक समजतात तसं रंगाचं नसतं, उजेडाचं असतं. तुमचं गेल्या वर्षीचं सगळं बिघडलं ते बाराच्या उन्हानं, आणि पाच रंग एकदम उडवल्यानं.

आधी उजेड बघू. पावडरीचा कण बारीक. ऊन समोरून किंवा डोक्यावरून पडलं की ढग सपाट दिसतो, खडूची पूड उडवल्यासारखा. तेच ऊन पावडरीच्या मागून आलं की कण न कण पेटतो. ढगाला कडा येते, आत घड्या दिसतात, मूठ कुठं उघडली तेसुद्धा कळतं. म्हणजे सूर्य पोरींच्या पाठीमागं पाहिजे आणि तुमचं तोंड पश्चिमेला. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडं साडेसहाच्या पुढं सूर्य मावळतो. साडेपाच ते सव्वासहा हा तुमचा वेळ. पाच वाजता जागेवर पोचा, पण सव्वापाचला कुणाच्या हातात पावडर देऊ नका, आधी रिकाम्या हातांनी तालीम करून घ्या.

दुसरी गोष्ट पाठीमागं काय आहे. उजळ आकाशावर उजळ पावडर दिसतच नाही. पाठीमागं गडद काहीतरी लागतं. शेताच्या बांधावर कडुलिंब, चिंच अशी झाडांची रांग असेल आणि सूर्य त्या रांगेच्या थोडासा वर असेल, तर झाडांची आपल्याकडची बाजू सावलीत जाते. हिरवट काळी भिंतच तयार होते. त्या भिंतीवर पिवळा रंग बघा कसा उठतो. पोरींना झाडांपासून लांब, पन्नास-साठ पावलांवर उभं करा. झाडं पुसट होतील आणि पोरींच्या खांद्यावर, केसांवर उन्हाची रेघ येईल. कुणीतरी सांगेल की घरची चादर बांधा मागं. सोलापुरी चादर मजबूत असते, पण तिच्यावरची नक्षी डोळा ओढून घेते. झाडं बरी.

चेहरे काळे पडणार, कारण ऊन पाठीमागं. त्यासाठी थर्माकोलची मोठी पांढरी शीट घ्या, डेकोरेशनवाल्याकडं पडून असते. कॅमेऱ्याच्या शेजारी एकानं धरून मागून येणारं ऊन पोरींच्या तोंडावर परत पाठवायचं. शीट हलत्या हातात नको, गुडघ्याला टेकवून धरा.

आता रंग. एका फोटोत एक रंग, फार तर दोन. पिवळा आणि गुलाबी मागच्या उन्हात सगळ्यात जास्त उजळतात, केशरीही चांगला. निळा आणि हिरवा काळपट पडतो. पाची रंग हवेत मिसळले की त्याचा तपकिरी चिखल होतो, तोच तुम्ही गेल्या वर्षी बघितला. पहिल्या फेऱ्या पिवळ्याच्या करा, गुलाबी शेवटी. एकदा गुलाबी अंगावर बसला की पांढरा ड्रेस पांढरा राहत नाही.

कॅमेरा मॅन्युअलवर. ५० एमएम लावा, घरीच लावा. शेतात लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. एफ ४ (लेन्सचं छिद्र), शटर १/१००० सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची ताकद) ४०० पासून सुरू करा. ऊन उतरेल तसा आयएसओ ८००, मग १६०० करा, शटर मात्र खाली आणू नका. १/२५० ला पावडर सुती धाग्यासारखी ओढली जाते, १/१००० च्या वर कण सुटे दिसतात. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाईलमध्ये) काढा, चेहरे नंतर थोडे उचलता येतात.

फोकसचं ऐका, इथंच सगळे फसतात. पावडर मध्ये आली की ऑटोफोकस तिलाच धरतो आणि चेहरा जातो. आधी पोरीच्या डोळ्यावर फोकस घ्या आणि लेन्सवरचं बटण मॅन्युअलला सरकवा. पोरीच्या पायाखाली चुन्यानं खूण करा, ती तिथून हलली की फोकस परत घ्यायचा. सलग फोटोचं बटण फार लवकर दाबू नका. साध्या कॅमेऱ्याची आतली तात्पुरती मेमरी (कार्ड नव्हे) सात-आठ रॉ फोटोंत भरते आणि नेमका ढग खुलतो तेव्हा कॅमेरा अडकतो. मूठ उघडल्यावर अर्धा सेकंद थांबा. ढगाचा आकार तेव्हा येतो.

---

कुंकूगल्ली

मी पंढरपूरचा. आमचं घर पिढ्यान् पिढ्या कुंकू-बुक्क्याच्या धंद्यात आहे, त्यामुळं पावडरीबद्दल सांगतो.

ताई, पुडा हातात घेतला की आधी वजन बघा. जड लागला, हाताला खरखरला, तर तो हवेत तरंगत नाही, धपकन खाली येतो. त्यात दगडाची किंवा खडूची पूड असते. रांगोळीचे रंग तर आणूच नका, ती दगडाचीच पूड. चकाकणारा रंगही नको. ती चकाकी अभ्रकाची असते आणि त्याचे कण डोळ्यात गेले की बुबुळ खरवडतात. धाकटीला त्रास झाला तो बहुतेक असल्याच रंगाचा असणार.

हवेत टिकते ती स्टार्चची पावडर, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर. घरी करता येते. एक किलो कॉर्नफ्लोअर परातीत घ्या. खायचा रंग थोड्या पाण्यात कालवून त्यात ओता आणि हातानं मळा, भजीच्या पिठाहून घट्ट व्हायला पाहिजे. जुन्या साडीवर पातळ पसरा, वर दुसरं कापड टाका आणि सावलीत वाळवा. मार्चमध्ये सोलापुरात दीड दिवसात कडक वाळतं. मग मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळा. दुसऱ्यांदा चाळलेली पावडर आणि पहिल्यांदा चाळलेली, दोन्ही उडवून बघा, फरक डोळ्यानं दिसतो. बारा जणींना दोन किलो पुष्कळ झाली. एक मूठ तीस-चाळीस ग्रॅमची होते आणि मोठी मूठ भरली तर गोळाच पडतो.

पिवळ्याला हळद घातली तरी चालते, पण एक लक्षात ठेवा. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते. आमचं पारंपरिक कुंकू त्याच गुणावर बनतं. त्यामुळं हळदीनं माखलेल्या पोरींनी घरी जाऊन साबण लावला की हात लालभडक होतील आणि आया घाबरतील. आधीच सांगून ठेवा. पांढऱ्या ड्रेसवरची हळदही तशी लवकर जात नाही.

पळस फुललेला असेल तर फुलं रात्रभर भिजवून केशरी पाणी मिळतं. तेच पाणी कॉर्नफ्लोअरमध्ये कालवा. रंग फिका येतो, पण मागून ऊन आलं की सुरेख दिसतो.

पांढऱ्या ड्रेसचं तुम्ही बरोबर ठरवलंय. आमच्या विठुरायालासुद्धा वसंत पंचमीपासून रंगपंचमीपर्यंत पांढरा पोशाख असतो, रंग त्यावर पडतो.

आणि एक, हे हात जोडून सांगतो. स्टार्चची बारीक पावडर हवेत पसरलेली असताना तिला ठिणगी लागली तर ती भडकते. २७ जून २०१५ ला तैवानमध्ये एका वॉटर पार्कात रंगांचा कार्यक्रम चालू असताना असंच झालं. मक्याच्या स्टार्चचा रंग होता. १५ माणसं गेली, पाचशेच्या आसपास भाजली. तिथं गर्दी होती, पावडरीचे ढीग होते, तापलेले दिवे होते. तुमच्या बारा पोरी आणि उघडं शेत, इतका धोका नाही. पण विडी-सिगरेट, काडेपेटी, फटाका, रंगीत धुराच्या नळ्या, यातलं काहीही जवळपास नको. मिक्सर फिरवताना शेजारचा गॅस बंद. आणि शेतात कडब्याची गंजी असेल तर तिच्याजवळ अजिबात करू नका. या दिवसांत ज्वारीची काढणी झालेली असते, कडबा सगळीकडं रचलेला असतो.

---

वॉर्डातली सिस्टर

ताई, डोळ्यांचं मी सांगते. पावडर हातातून सुटते त्या क्षणी पोरीनं डोळे मिटायचे आणि श्वास रोखायचा, आणि ढग पुढं सरकला की उघडायचे. हे रिकाम्या हातांनी दहा वेळा करून घ्या. कुणी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर काढून ठेवायला सांगा. कण गेलाच तर चोळायचं नाही. स्वच्छ पिण्याचं पाणी ओंजळीत घेऊन डोळा त्यात उघडझाप करायचा, आणि अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर. यासाठी एक कॅन पाणी वेगळा ठेवा, प्यायच्या पाण्यात धरू नका.

आधी खोबरेल तेल. तोंडाला, कानामागं, मानेला, केसांच्या मुळांना. रंग पटकन निघतो. पण हाताच्या तळव्यांना तेल नको, नाहीतर पावडर मुठीत चिकटून बसेल आणि लेझीमही निसटेल.

दम्याचा, शिंकांचा त्रास कुणाला आहे का ते आयांना विचारा, पोरींना विचारू नका. फोटोत यायचंय म्हणून पोरी नाही सांगत. तशी पोर असेल तर तिच्या अंगावर पावडर नको, ढग तिच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूनं जाऊ दे. तुमच्या दहावीच्या दोघींनाही मी तसंच ठेवलं असतं.

आणि फोटो काढायच्या आधी आयांची परवानगी घ्या, फोटो नेटवर टाकायचे असतील तर ते वेगळं विचारा.

---

लेझीमताई

किती मनापासून लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी. कालच आयांना शाळेच्या पारावर गोळा करून बोलले. सिस्टरताई, तुमचं खरं निघालं, एका पोरीला थंडीत दमा होतो, आणि ते चार वर्षांत मला माहीत नव्हतं.

जागा मिळाली. माझ्या मामाचं शेत आहे तिऱ्हे गावाच्या बाजूला, ज्वारी काढून झालीय. पश्चिमेच्या बांधावर कडुलिंबाची सात-आठ मोठी झाडं आहेत. गंजी पूर्वेला, विहिरीजवळ, बरीच लांब आहे. मामांना विडी-काडीसुद्धा नको म्हटलंय.

उजेडवाले दादा, दोन प्रश्न राहिले. वाऱ्याचं काय करायचं? आणि दहावीच्या दोघींना पावडर उडवायला द्यायची नाही, तर त्यांचा फोटो कसा काढू? त्यांना वगळलं तर माझं मलाच बरं वाटणार नाही.

---

उजेडवाला

वारा आडवा घ्या. चिमूटभर माती सोडून बघा. वारा तुमच्या डावीकडून उजवीकडं किंवा उलट जात असेल तर ढग आडवा पसरतो, पोरींच्या तोंडावरून निघून जातो आणि तुमच्यावरही येत नाही. एकदा प्री-वेडिंगला मी वारा बघितला नाही. तीन किलो गुलाल माझ्या अंगावर आला, लेन्सच्या पुढच्या काचेवर बसला आणि मी तो रुमालानं पुसला. काचेवर ओरखडे उठले, ते आजही आहेत. म्हणून सांगतो, पुसायचं नाही. साडीची पारदर्शक पिशवी कॅमेऱ्यावर चढवा, पुढं लेन्सएवढं भोक, रबरबँड लावा, लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर. काम झाल्यावर पिशवी बाहेरच काढा. हवेच्या ब्लोअरनं कॅमेरा उडवा, मग कोरडा मऊ ब्रश. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. ओलं कापड नको, स्टार्च आहे, खळ होते. तुमच्या १८-५५ ला रिंगेच्या फटीत धूळ गेलीय, ती दुरुस्तीवाल्याकडंच द्या. झूम करताना ती लेन्स लांब होते आणि हवा आत ओढते, म्हणून रंगाच्या कामाला तसली लेन्स नको.

दहावीच्या दोघींना हलगी द्या. पथकात हलगी असेलच. ती आडवी, जमिनीला समांतर धरायला सांगा, छातीपेक्षा खाली. एकीनं धरायची, दुसरीनं वाजवायची. चामड्यावर दोन चमचे पिवळी पावडर पसरा आणि एकच टोला. पावडर हातभर वर उडते, तोंडापर्यंत जात नाही. दोघींनी मान थोडी मागं ठेवावी. शटर १/२००० करा, कारण ती उसळी फार जलद असते. आणि तुम्ही खाली बसा, हलगीच्या काठाच्या पातळीवर.

---

लेझीमताई

काल झालं. रात्री कार्ड रिकामं केलं आणि आत्ता लिहायला बसले.

पाच वाजता टेम्पोनं पोचलो. वारा आधी आमच्या तोंडावर होता. दादांनी सांगितल्याप्रमाणं माती सोडून बघितली आणि पोरींची रांग तिरकी केली, तेव्हा तो आडवा आला. चुन्याच्या बारा खुणा केल्या. पाऊण तास नुसती तालीम. मामी बांधावर बसून बघत होत्या, म्हणाल्या, रंग कधी खेळणार गं पोरींनो?

पहिल्या फेरीत मीच चुकले. बटण लवकर दाबलं, आठ फोटोंत मुठी मिटलेल्या आणि कॅमेरा थांबला. दुसऱ्या फेरीपासून मी आवाज मोजायला लागले. आमच्या लेझीमला चार आवाज असतात. तिसऱ्या आवाजाला मुठी उघडायच्या, चौथ्याला मी बटण दाबणार, असं ठरवलं. मग जमलं, कारण ताल पोरींच्या अंगात आहे. एक-दोन-तीन म्हणून नाही जमत त्यांना, लेझीमवर जमतं.

सहाच्या सुमारास ऊन लिंबांच्या शेंड्यावर आलं आणि सगळंच बदललं. पिवळी मूठ सुटली की हवेत आधी दोरीसारखी लांब होते, मग तिच्या टोकाला गाठी सुटतात, आणि मागून ऊन शिरलं की त्या गाठी आतून उजळतात. लेझीमच्या चकत्यांवर पावडर बसली होती, प्रत्येक झटक्याला चकतीभोवती छोटं वलय उठायचं. ते मला माहीतच नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मग मी मुठी बंद केल्या आणि नुसतं लेझीमवर पावडर भुरभुरून खेळायला सांगितलं. दमा असलेल्या पोरीचा फोटो असाच काढला, लेझीम तोंडापासून लांब, हात पूर्ण ताणलेला, वारा पलीकडं. तिचा फोटो बाकीच्या अकरा जणींपेक्षा चांगला आलाय आणि ती ते सगळ्यांना सांगत फिरतेय.

हलगीचे एकवीस फोटो काढले, त्यातला एक हाती लागला. टोला पडलाय, काठी अजून चामड्यावर टेकलेली, पावडर मुकुटासारखी वर उठलीय आणि तिच्यामागं दोघींचे चेहरे. एकीचे डोळे मिटलेले, दुसरी वाजवणारी, ती दात ओठावर दाबून हलगीकडं बघतेय. दोघी घरी जाऊन आंघोळ करून आठ वाजता अभ्यासाला बसल्या, मी फोन करून विचारलं.

कुणाचेच डोळे लाल झाले नाहीत. हळदीचं मात्र आयांना सांगूनही एका घरी गोंधळ झालाच. आजीनं साबण लावला, हात लाल झाले, आजी घाबरली. फोनवरून समजावलं.

ज्यांना पुढं करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. थर्माकोलची शीट वाऱ्यानं मोडली, त्यामुळं नंतर मामींची पांढरी चादर दोघींनी ताणून धरली, तिनंही चेहरे उजळले. आणि घरी वाळवलेल्या पावडरीपैकी गुलाबी नीट चाळली नव्हती, तिचे गोळे पडले. पळसाचं केशरी पाणी घालून केलेली वाटीभर होती, तीच शेवटच्या फोटोंना वापरली.

आज प्रिंटला दिले. आठ बाय बाराच्या बारा, आणि हलगीच्या फोटोच्या दोन जास्त. आधी चकचकीत कागदावर एक नमुना काढून बघितला, त्यावर पिवळा भडक होऊन चेहरे मागं जात होते, म्हणून सगळ्या मॅटवर काढायला सांगितल्या. फ्रेमवाले शनिवारी देणार आहेत.